मदत हवी आहे: थ्रीडी प्रिंटरचं घर आपल्या कन्हारीत (काळ्या भारी जमिनीत) टिकेल का?

नमस्कार भाऊ-ताईंनो. मी दारव्हा तालुक्यातला गवंडी. सोयाबीन कापणीत मजूर मिळत नाही, स्लॅब अडतो. पोरानं मोबाईलवर बंगळुरूचं केंब्रिज लेआउट पोस्ट ऑफिस दाखवलं. १०२१ चौरस फूट, रोबोटिक प्रिंटरनं ४३ दिवसांत उभं, २०२३ साली. चकली पाडावी तसे काँक्रीटचे थर!

पण आपली कन्हार जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. पाया तर आम्हीच खोदायचा ना? अन् मे महिन्यातल्या ४५ अंशांत खालचा थर सुकला, तर वरचा त्याला धरेल का? मला तर हीच भीती. कोणी असं काम जवळून पाहिलंय का? पाणी कधी मारतात, लोखंड कुठं टाकतात, सांगा राजेहो.