टँकरला हलकी चाकं कशाला?
काही जण म्हणतात की टँकरला अल्युमिनियमच्या रिम फक्त डिझेल वाचवायला लावतात, ते अर्धंच खरंय. खरा हिशोब पेलोडचा, म्हणजे गाडीत भरता येणाऱ्या मालाच्या वजनाचा. दहा चाकी गाडीला 2018 पासून मालासकट 28.5 टनांची मर्यादा आहे, मग गाडी जेवढी हलकी तेवढा माल जास्त. कळंबोलीच्या (नवी मुंबईतला ट्रकचा अड्डा) साध्या ट्रकमध्ये आज लोखंड, उद्या थर्माकोल, तिथे काय फायदा होईल सांगता येत नाही, पण शेजारच्या तळोज्याच्या केमिकल कारखान्यांतला ॲसिड टँकर भरला की काट्यावर मर्यादेलाच टेकणार (सल्फ्युरिक पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड, म्हणून टाकी बघा केवढीशी असते) म्हणजे वाचलेला प्रत्येक किलो मालाला मिळतो; आणि परतताना बहुतेक रिकामाच, तेव्हा हलकेपणाचा फायदा डिझेलमध्ये. रिममागे साधारण दहा-पंधरा किलो वाचतात. फक्त जुन्या स्टडवर (चाक ज्यावर बसवून नट आवळतात ते बोल्ट) चढवू नका हां, अल्युमिनियमच्या रिमची डिस्क, म्हणजे मधली भोकांची तबकडी, जाड असते, नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत, लांब स्टड घ्यावेच लागतात.