घर विकायचंय, पण दहा वर्षांचा देखभाल करार आडवा येतोय

थोरली लेक
बाबांनी तीन वर्षांपूर्वी छतावरच्या सोलरच्या देखभालीचा करार केला. मुदत दहा वर्षं. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. कंपनीचा माणूस घरी येऊन तासभर बसला आणि बाबांनी बावीस पानांवर सह्या केल्या. आता आई नाही. बाबा माझ्याकडे राहायला येणार, म्हणून घर विकायचं आहे. करार बंद करा म्हटलं तर उत्तर मिळालं, उरलेल्या सात वर्षांचे हप्ते एकरकमी भरा, नाहीतर घर घेणाऱ्याच्या नावावर करार करून द्या. मधल्या काळात त्यांनी हा करार परस्पर दुसऱ्याच कंपनीकडे सोपवला. सफाईची फेरी चुकली, चौकशी केली, तेव्हा आम्हाला कळलं. कंपनीला मात्र तीस दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता करार मोडता येतो. बाबा रोज म्हणतात, "सही माझी आहे, मीच भरीन." मला ते ऐकवत नाही. काही मार्ग आहे का?

जुनी फाइल
ताई, आधी बाबांना एवढं सांगा, सही केली म्हणून प्रत्येक अट पाळावीच लागते असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधलं कलम 2(46) काढून वाचा. त्यात 'अनुचित करार' म्हणजे काय ते दिलंय, आणि तुमच्या तिन्ही गोष्टी तिथे सापडतील : नुकसानाशी ताळमेळ नसलेला दंड, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडायची मुभा, आणि ग्राहकाच्या संमतीविना त्याला तोटा होईल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपवणं.

दंडाबद्दल आणखी एक. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात आकडा लिहिलेला असला तरी तो फक्त वरची मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. पुढची सात वर्षं त्यांचा माणूस तुमच्या छतावर चढणारच नाही. मग सात वर्षांचे पूर्ण पैसे कशाचे, हा प्रश्न लेखी विचारा.

तक्रार कुठे करायची यात बरेच जण चुकतात. अनुचित कराराच्या अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आहे, जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

हिशेबनीस
मी बँकेत होतो, म्हणून सांगतो. हप्ता खात्यातून आपोआप जात असेल तर मँडेट, म्हणजे हप्ता कापायला दिलेली परवानगी, रद्द करायचा अर्ज बँकेत देता येतो. पण नुसता हप्ता थांबवू नका, तेच कारण धरून ते थकबाकीची नोटीस पाठवतील. आधी करार संपवत असल्याचं कारणांसह पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, मग बँकेत जा. चुकलेल्या फेऱ्यांच्या तारखा आजच वहीत लिहून काढा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. कधी कधी कंपनी तिथेच नमते.

थोरली लेक
तुम्हा दोघांचे फार आभार. काल रात्री बाबांना ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागितला आणि ती बावीस पानं पहिल्यांदाच नीट वाचली. एकोणिसाव्या पानावर अट निघाली : वाद झाल्यास फक्त लवादाकडे, म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा करणाऱ्या त्रयस्थाकडे जायचं, आणि तेही कंपनीच्या शहरात. म्हणजे राज्य आयोगाचं दार बंद?

जुनी फाइल
नाही. लवादाची अट असली तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते, त्यांच्या शहरात खेटे घालायला नकोत. पत्राचा मसुदा झाला की नाव-पत्ते झाकून इथे टाका, मी बघतो. पत्र बाबांच्याच नावाने जाऊ द्या, करार त्यांचा आहे.

थोरली लेक
मसुदा बाबा स्वतः लिहितायत. दुपारपासून बसलेत.