भावाची पोरं मिशनच्या वसतिगृहात ठेवावी का?

धडगावकडचे आहोत. भाऊ-वहिनी दोघं वारले, पोरं म्हाताऱ्या आईजवळ, आणि आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमधे जातो. चर्चवाले म्हणतात आमच्याकडे ठेवा, शाळा जेवण फुकट. काय करू?

उत्तर १: दादा, मी नवापूरकडे मिशनच्या बोर्डिंगातच शिकलो, सिस्टर रात्री तापात उशाशी बसायच्या, धर्म बदल असं कोणी कधी म्हटलं नाही. बिनधास्त पाठवा.

उत्तर २: बिनधास्त नको हो! अनाथ पोरं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा २०१५ ची नोंदणी लागतेच, ती बघा, जिल्ह्यात अनाथ पोरांचं बघणारी सरकारी बाल कल्याण समिती असते, तिला पण भेटा.

उत्तर ३: आजी सांभाळत असेल तर राज्य सरकारच्या बाल संगोपन योजनेत एका पोरामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, चर्चवाल्यांनाच म्हणा फॉर्म भरून द्या, ती पण मोठी सेवा आहे, पोरं घरीच राहतील.