बागेचा पाइप बंद, मग गच्चीवरच्या टाकीचं काय?

वाघूरकाठ
रविवारी आमच्या कॉलनीची बैठक झाली. ठराव असा की पाऊस पडेपर्यंत बागेला पाइपने पाणी घालायचं नाही, गाडी धुवायची नाही, सापडला त्याला दोनशे रुपये दंड. पाणी दोन दिवसांआड येतंय, पारा ४४-४५ वर आहे, कूलर रात्रंदिवस चालू. तेव्हा ठराव चुकीचा नाही, मीही हात वर केला.

पण बैठकीहून घरी येतोय तर दंडाची सूचना मांडणाऱ्या गृहस्थांच्याच गच्चीवरून पाणी धो धो खाली. टाकी भरून वाहतेय, मोटर चालू, साहेब बैठकीत. मी खाली उभा राहून हाका मारल्या, कोणी येईना. पंधरा मिनिटं तरी गेलं असेल. मिनिटाला दहा लिटर धरले तरी दीडशे लिटर गटारात.

पाइप रस्त्यावरून दिसतो, म्हणून पाइपवर बंदी. टाकीकडे मान वर करून बघतो कोण? आणि मोरीत तर कोणीच डोकावत नाही. नळ आला की परवाचं भरलेलं पिंप ‘शिळं झालं’ म्हणून ओतून द्यायचं, ही आपल्याकडची घराघरातली रीत. पाणी काय भाकरी आहे का शिळं व्हायला? झाकून ठेवलेलं पाणी दोन दिवसांत कुठे जात नाही. माझं म्हणणं, दंड लावायचाच तर आधी वाहत्या टाकीला लावा.

हिशोबी
टाकीचं मान्य, पण म्हणून बागेला सूट कशी? पाचशे चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी ऊन सहज पिऊन टाकतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. लॉन हिरवं ठेवायचं तर रोज साडेतीनशे लिटर लागले. शहरात माणशी १३५ लिटर हा सरकारी मापदंड, म्हणजे अडीच माणसांचं पाणी गवताला. टाकी चुकून वाहते, लॉनला पाणी आपण ठरवून घालतो. दोन्हींत फरक आहे की नाही?

मोगरेवाली
अहो हिशोबी, खान्देशात लॉन आहे किती जणांकडे? माझ्याकडे एक कडुनिंब, एक शेवगा, कढीपत्ता, तुळस आणि मोगऱ्याच्या सात कुंड्या. सगळ्यांना मिळून दिवसाला दोन बादल्या. कडुनिंब तर स्वतःचं बघतो, त्याला मी विचारतही नाही. तो पश्चिमेला आहे म्हणून दुपारी आमची मधली खोली बसण्याजोगी राहते. ठराव करणाऱ्यांनी गवत, झाड आणि कुंडी एकाच ओळीत बसवलीत.

आणि बादलीतलं पाणी नळाचं नाहीच. आरओच्या मशिनमधून एक लिटर पिण्याचं निघतं तेव्हा दोन-तीन लिटर बाजूच्या नळीतून जातं. ती नळी मी बादलीत सोडलीय. पण ते पाणी क्षाराचं, रोज तेच घातलं तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. म्हणून एक दिवस ते, एक दिवस तांदूळ-भाजी धुतलेलं. कॉलनीच्या बायकांना हे कोणी शिकवायला नको, बैठकीला बोलवलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं.

केळीवाला, रावेर
शहरातल्या भाऊंनो, तुमची भांडणं वाचून हसू येतं. केळीच्या एका खोडाला मे महिन्यात ठिबकवरही रोज वीसेक लिटर लागतात. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ खोडं. दिवसाला पस्तीस हजार लिटर झाले! हिशोबींच्या मापाने पाच माणसांची पन्नास घरं माझ्या एका एकरात बसतात. तुम्ही बादली वाचवून वाचवून किती वाचवणार?

हिशोबी
मग चूक कुणाची? उपदेश आम्हाला आणि पस्तीस हजार तुमचे?

केळीवाला, रावेर
ते पिकतं ते तुम्हीच खाता. आणि आम्ही पाटाने मोकाट पाणी सोडत नाही, नळ्या अंथरल्यात, त्याला पैसा घातलाय.

पत्र्याचं घर
माझा बोअर, माझं पाणी, माझं वीजबिल. कॉलनीने नळाच्या पाण्यावर नियम करावेत, बोअरवाल्याच्या अंगणात येऊ नये. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं नाही तर रात्री दोनपर्यंत स्लॅब आग ओकतो. घरात म्हातारी माणसं आहेत. झोप नको का?

केळीवाला, रावेर
बोअरचं मीही असंच म्हणायचो भाऊ. मग बांधाच्या पलीकडच्याने माझ्यापेक्षा खोल घेतला आणि माझी मोटर हवा ओढायला लागली. यावल-रावेरकडे ही गोष्ट दर दुसऱ्या बांधावर ऐकाल. जमिनीखाली सातबारा नसतो.

पांझराकाठ
साक्री-धुळ्याकडची फड पद्धत कोणी आठवली नाही याचं नवल वाटलं. पांझरेवर एकामागून एक बंधारे, त्यांतून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. कैक पिढ्या ही पद्धत गावकऱ्यांनीच चालवली, पाणी सोडायला पाटकरी ठेवला. त्यातली मेख अशी की बहुतेक शेतकऱ्यांची पट्टी प्रत्येक फडात असायची. पाणी कमी आलं त्या साली एखादा फड कोरडा ठेवायचा, की सगळ्यांचंच थोडं थोडं कोरडं. एकट्याच्या घशाला कोरड पडत नव्हती.

तुमच्या कॉलनीने नेमकं उलटं केलं. ज्याला अंगण त्याच्यावर बंदी, ज्याला फ्लॅट त्याला काहीच नाही. आणि नळाला थेट मोटर लावून ओढणारे तर ठरावात दिसतच नाहीत. त्यांच्यामुळे शेवटच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसतो. दंड दोनशे नाही, दोन हजार करा, पण सुरुवात तिथून करा.

वाघूरकाठ
मोटरवाल्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत नळ आला की निम्म्या मोटरी सुरू होतात. माझी धरून. माझ्या घरी दाबाने पाणी येतं ते का, याचा मी विचार केला नव्हता. काढतो. पण एकट्याने काढली तर माझं पिंप भरणार नाही, गल्लीने एकाच दिवशी काढायला हवी.

पत्र्याचं घर, गच्चीचं तुमचं दुखणं खरं आहे. आम्ही यंदा स्लॅबवर चुना मारलाय. गार नाही झालं, पण पाय ठेवता येतो.

येत्या रविवारी परत बैठक लावतोय, या वेळी बायकांसकट. ठराव असा मांडणार: लॉनला बंदी कायम, झाडांना बादलीने मुभा, नळावरची मोटर बंद, प्रत्येक टाकीला बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता नळ.

हिशोबी
बादली कोण मोजणार?

मोगरेवाली
मी मोजते, या बघायला. बॉलकॉक किती बाय किती लागतो तेवढं सांगा, टाकी पाचशे लिटरची आहे.

केळीवाला, रावेर
अर्धा इंची. पितळेचा घ्या ताई, प्लास्टिकचा आपल्या उन्हात एक उन्हाळा टिकत नाही.