मदत हवी आहे: २९४४०९ मूळ संख्या आहे की नाही?

घाईगडबड
प्रोग्रॅम आज रात्री द्यायचाय आणि या एका आकड्याने डोकं उठवलंय. तपासणीत मूळ येतेय, उत्तरांच्या यादीत 'संयुक्त' लिहिलंय. यादीच चुकली आहे ना? लवकर सांगा.

बाकी_किती
तपासणी म्हणजे कुठली? भागून बघितलंस का?

सोपंगणित
अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ बाद. शेवटी ९, म्हणून २ आणि ५ बाद. ११ ची कसोटीही लावली, भाग जात नाही. मूळच आहे.

बाकी_किती
@सोपंगणित चार कसोट्यांवर मूळ ठरते होय? वर्गमूळ ५४२ च्या पुढे जातं, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात. ३७ लाच भाग जातो: ३७ × ७९५७. आणि ७९५७ = ७३ × १०९. यादी बरोबर आहे.

घाईगडबड
भागाकार नकोत हो, पुढचे आकडे चौदा अंकी आहेत. फर्माची कसोटी लावली: संख्या मूळ असेल तर तिने भाग न जाणाऱ्या कुठल्याही आकड्याचा, म्हणजे पायाचा, (संख्या वजा १) वा घात तिने भागल्यावर बाकी १ येते. २ चा २९४४०८ वा घात, बाकी १. पाया ३, ५, ७ घेऊनही १च.

विषमघात
हे आधी सांगायचं! ही कारमायकेल संख्या आहे, म्हणजे संयुक्त असूनही फर्माच्या कसोटीत मूळ वाटणारी. अवयवांतून एक वजा कर: ३६, ७२, १०८. तिन्हींनी २९४४०८ ला पूर्ण भाग जातो, म्हणून ३७, ७३ किंवा १०९ ने भाग न जाणारा कुठलाही पाया घे, बाकी १च येणार. अशा संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालंय. फर्मा सोड, मिलर-राबिन ही जास्त कडक कसोटी लाव.

चाळणीवाला
एराटोस्थेनिसची चाळणी लावा, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जा, उरतील त्या मूळ. एकदाच यादी करून ठेवायची. शंकाच नको.

विषमघात
चौदा अंकांपर्यंत चाळणी? मेमरी कोण देणार?

चाळणीवाला
फक्त वर्गमूळापर्यंत म्हणतोय मी. एक कोटीच्या आतली यादी पुरते.

अंकप्रेमी
परिपूर्ण संख्या नाही बरं का ही. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज संख्येइतकीच हवी, इथे १४९११च भरते, कमी, म्हणजे न्यून. पण ३९५² + ३७२² करून बघा!

बाकी_किती
कोणी विचारलं होतं?

विषमघात
@घाईगडबड मिलर-राबिन कशी चालते हे बघ. २९४४०८ = ८ × ३६८०१. २ चा ३६८०१ वा घात घेऊन वर्ग करत जा. पहिल्याच वर्गाला बाकी २६२१४४, पुढच्या वर्गाला १. संख्या मूळ असती तर १ च्या आधी १ किंवा २९४४०८च आली असती. पकडली! वर त्या बाकीतून १ वजा करून आलेल्या २६२१४३ आणि २९४४०९ चा मसावि काढ, ७३ हातात येतो. मात्र एका पायावर थांबू नकोस, २०४७ = २३ × ८९ असूनही पाया २ ला फसवते. २, ३, ५, ७, ११, १३, १७ हे सात पाये ३४,१५,५०,०७,१७,२८,३२१ च्या खालच्या सगळ्या संख्यांना पुरतात.

अंकप्रेमी
१७२९ पण कारमायकेलच, ७ × १३ × १९. शिवाय कापरेकरांची हर्षद संख्या: अंकांची बेरीज १९, आणि १९ ने भाग जातो. २९४४०९ मात्र हर्षद नाही.

घाईगडबड
सात पाये टाकले. २९४४०९ संयुक्त आली. पण आता प्रोग्रॅम ७ लाच संयुक्त म्हणतोय! ११ लाही!

बाकी_किती
पाया आणि संख्या एकच असेल तर बाकी शून्य येणारच. ते सात आकडे आधीच वेगळे काढ.