घरचं सोयाबीन बियाणं जूनपर्यंत ठेवायचंय: बारदान की हवाबंद पिशवी?

नमस्कार मंडळी, येवला तालुक्यातून विचारतोय. फुले संगम वाणाचं सोयाबीन पुढच्या पेरणीसाठी राखायचंय. मळणीला यंत्राचा वेग कमीच ठेवला, सोयाबीनचं टरफल पातळ, जरा मार बसला की उगवण गेली. वाळवून ओलावा १०-११ टक्क्यांवर आलाय.

अडचण गोदामाची. पत्र्याचं शेड, एप्रिल-मेमध्ये नुसती भट्टी, आणि जूनच्या तोंडावर हवा दमट. बारदानात दाणा तो दमटपणा ओढून घेतो. हवाबंद पिशवीत तसं होत नाही, शिवाय ऑक्सिजन संपला की कीडही मरते. पण बियाणे प्रमाणीकरणात साध्या पोत्याला १२ टक्के ओलावा चालतो, हवाबंद पॅकिंगला ७ टक्क्यांच्या आतच लागतो. घरच्या खळ्यावर ७ आणायचा कसा? आणि इतका कोरडा दाणा हाताळताना फुटतो तो वेगळाच.

१०-११ टक्क्यांवर कुणी हवाबंद ठेवून बघितलंय का? उगवण ७० टक्क्यांवर राहिली का? थप्पी किती पोत्यांची लावता, खाली लाकडी फळ्या टाकता का?

भुईमुगाचं विचारत नाही, तो शेंगेतच ठेवतो. फोडलेले दाणे लवकर खवट होतात.

कृपया ‘काही होत नाही, ठेवून द्या’ असं नको, स्वतःचा अनुभव सांगा.