पेडर रोडचा चढ आणि उधारी
‘नवं दुकान काढलं की सुरुवातीलाच जोर लावा, गिऱ्हाईक बांधलं की पुढे सोपं’ हा सल्ला मला पटत नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा खरा चढ परतीच्या वाटेवर येतो, तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत. सुरुवातीला मरीन ड्राइव्हच्या सपाटीवर किलोमीटरमागे 15-20 सेकंद जास्त जोरात पळालेल्यांचं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेलं इंधन, तिथवर संपत आलेलं असतं, पाय दगड होतात.

धंद्यातला तो चढ म्हणजे उधारी. माल 15 दिवसांत पैसे देण्याच्या बोलीवर उचलला आणि गिऱ्हाइकाला 45 दिवस दिले, तर मधले 30 दिवस तुमच्या खिशातून. रोज 4,000 चा माल जात असेल तर 1,20,000 रुपये अडकले. विक्री दुप्पट झाली की हेही दुप्पट! चालती दुकानं अशीच बसतात. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, गाळ्याच्या डिपॉझिटात आणि फर्निचरमध्ये घालू नका.